नर्सिंगला प्रवेश घेण्याआधी मांडायचं कर्जाचं गणित

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे गुण हाती आले की अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलीला नर्सिंगला घालायचं ठरलंय, पण चार वर्षांचे पैसे आणायचे कुठून? नर्सिंगला जाणारी बरीच मुलं-मुली अशा घरांतून येतात, जिथे शिक्षणासाठी वेगळी शिल्लक टाकलेली नसते. मग कुणी दागिने मोडतं, कुणी नातेवाइकांकडे हात पसरतं, कुणी बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज भरतं.

यातला बँकेचा रस्ता वाईट नाही. नर्सिंग हा पोट भरणारा, मान देणारा आणि आयुष्यभर टिकणारा पेशा आहे, त्यासाठी कर्ज काढण्यात गैर काही नाही. चूक होते ती रक्कम ठरवताना. कॉलेजने फी सांगितली, तिच्यात वसतिगृह, मेस, गणवेश मिळवला आणि जो आकडा आला त्याचं कर्ज काढलं, असा सर्वसाधारण क्रम असतो. फेडीचा विचार नोकरी लागल्यावर करू, असं म्हणून सगळे मोकळे होतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी पगार बघा, त्यातून किती हप्ता निघेल ते बघा, आणि तेवढ्या हप्त्यात बसेल एवढंच कर्ज काढा.

आधी पगाराचे खरे आकडे

नर्सिंगच्या पदवीला एक पगार नसतो. नोकरी कुठे लागते त्यावर तो ठरतो, आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या टोकांत फार मोठं अंतर आहे.

एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचं पद सातव्या वेतन आयोगाच्या सातव्या स्तरावर आहे. मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. महाराष्ट्र शासनाच्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी एस-१३ आहे, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० ते १,१२,४०० रुपये, त्यावर महागाई आणि घरभाडे भत्ता. या कायम नोकऱ्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली स्टाफ नर्स कंत्राटी असते आणि तिचं मानधन महिन्याला २०,००० रुपयांच्या आसपास असतं. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून लागलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या पदवीधराला २५,००० रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५,००० रुपयांपर्यंत मोबदला मिळतो.

आणि खासगी क्षेत्र? मुंबई-पुण्यातली मोठी कॉर्पोरेट रुग्णालयं बऱ्यापैकी पगार देतात. पण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान रुग्णालयात फ्रेशर म्हणून लागलेल्या नर्सची सुरुवात पंधरा-वीस हजारांवर होणं नेहमीचं आहे, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

खासगी रुग्णालयांतल्या नर्सना मिळणारा पगार अपुरा आहे, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेलं आहे. न्यायालयाने जानेवारी २०१६मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर केंद्र सरकारने समिती नेमली. दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य सरकारइतकाच पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटा असतील तर तो त्याहून दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावा, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट, आणि कितीही लहान रुग्णालय असलं तरी २०,००० रुपयांच्या खाली कुणी जाऊ नये, अशी शिफारस समितीने केली. केरळने नर्सेसच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१८मध्ये किमान मूळ वेतन २०,००० रुपये अधिसूचित केलं. बाकी देशात ती शिफारस बव्हंशी कागदावर राहिली. म्हणून पालकांनी हिशेब मांडताना शिफारशीतला पगार धरू नये, आपल्या भागात प्रत्यक्ष मिळणारा पगार धरावा.

तो कळायचा सोपा मार्ग आहे. ज्या कॉलेजला प्रवेश घ्यायचाय तिथून दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार-पाच जणी शोधा. पहिल्या महिन्याला हातात किती आले, आज किती येतात, कुठल्या शहरात आणि खोलीचं भाडं किती, हे विचारा. कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या ‘शंभर टक्के प्लेसमेंट’पेक्षा या पाच उत्तरांवर विश्वास ठेवा.

चार लाखांचे साडेआठ लाख कसे होतात

आता कर्जाकडे येऊ. समजा, दर वर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाखांचं कर्ज घेतलं आणि व्याजदर दहा टक्के आहे. बहुतेक बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचं एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. या काळात सरळव्याज चढत राहतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचं व्याज धरलं तर १ लाख ४० हजार रुपये होतात. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या नावावर ५ लाख ४० हजार रुपये असतात.

ते दहा वर्षांत फेडायचे ठरवले तर महिन्याचा हप्ता साधारण ७,१०० रुपये येतो आणि एकूण फेड साडेआठ लाखांवर जाते. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ५,८०० रुपयांवर उतरतो, पण एकूण फेड जवळजवळ साडेदहा लाख होते.

हेच कर्ज चारऐवजी सात लाखांचं असेल, तर हप्ता सुरू होताना ९ लाख ४५ हजार रुपये उभे असतात. दहा वर्षांच्या मुदतीचा हप्ता साडेबारा हजारांच्या घरात जातो. एस-१३च्या पगारावर हा हप्ता झेपतो. अठरा हजार मिळवणाऱ्या मुलीला मात्र तो भरल्यावर शहरात खोली, जेवण आणि प्रवास भागवायला साडेपाच हजार उरतात. अशा मुलीचा हप्ता शेवटी घरचे भरतात किंवा तो थकतो. कर्जावर आई-वडिलांचीही सही असल्यामुळे थकबाकीचा डाग मुलीच्या आणि त्यांच्याही पतनोंदीवर बसतो, आणि उद्या वडिलांना पीककर्ज किंवा धाकट्या भावाला शिक्षणकर्ज मागताना तो आडवा येतो.

एका वर्षाच्या पगाराचा नियम

यावरून एक साधा नियम निघतो, तो लिहून ठेवा : चार वर्षांत मिळून काढलेलं कर्ज हे पहिल्या नोकरीत हातात येणाऱ्या एका वर्षाच्या पगाराहून जास्त नसावं.

हा आकडा हवेतला नाही. महिन्याला १८,००० म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. तेवढंच कर्ज वरच्या रीतीने घेतलं तर हप्ता सुरू होताना ते २ लाख ९२ हजारांच्या आसपास जातं आणि दहा वर्षांच्या मुदतीला ३,९०० रुपयांचा हप्ता पडतो. पगाराचा हा पाचवा हिस्सा, थोडा जास्त. पगाराचा पाचवा हिस्सा हप्त्यात गेला तर नवखी नर्स स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, घरी थोडे पैसे पाठवू शकते आणि सरकारी भरतीच्या तयारीला उसंत मिळवू शकते. चौथा हिस्सा ही शेवटची मर्यादा. त्यापुढे जायचं तर शिक्षण सुरू असतानाच काही पैसे भरण्याची घरची ताकद हवी.

इथे पगार कुठला धरायचा, यात गफलत करू नका. पहिल्या तीन वर्षांत मिळू शकेल असा सर्वांत खालचा पगार धरा. सरकारी नोकरी लागली तर उत्तमच, कर्ज लवकर फिटेल. पण भरती निघायला वेळ लागतो, परीक्षेत चुरस असते, निकाल आणि नियुक्ती रखडते. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच सुरू होतो.

जास्त फी म्हणजे जास्त पगार नव्हे

मग सात लाख खर्च येणारं कॉलेज चांगलं असेल, तर तिथून पगारही चांगला मिळणार नाही का? नर्सिंगमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं आहे. सरकारी भरती परीक्षेच्या गुणांवर होते, कॉलेजच्या नावावर नाही. महाराष्ट्रातल्या बी.एस्सी.च्या कॉलेजांना पदवी एकाच विद्यापीठाची, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, मिळते आणि नोंदणी एकाच महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. अपवाद अभिमत विद्यापीठांच्या पदवीचा, पण भरतीत त्या पदवीलाही जादा गुण नाहीत. तीन लाख जास्त मोजून विकत घेता येईल असा जादा पगार यात कुठेच नाही.

कॉलेजा-कॉलेजांत खरा फरक पडतो तो रुग्णांचा. ज्या कॉलेजला स्वतःचं, भरलेलं रुग्णालय आहे, जिथे अतिदक्षता विभाग, प्रसूती कक्ष, अपघात विभाग चालू आहे, तिथली मुलगी चार वर्षांत हाताने शिकते. रिकाम्या खाटांच्या इमारतीत शिकलेली मुलगी मुलाखतीत आणि वॉर्डात दोन्हीकडे चाचपडते. म्हणून प्रवेशाआधी एक दिवस काढून त्या रुग्णालयात जा. वॉर्डात रुग्ण दिसतात का, विद्यार्थिनी काम करताना दिसतात का, हे स्वतः बघा.

कमी खर्चाचे मार्गही आधी तपासा. सरकारी नर्सिंग महाविद्यालयांची फी खासगीच्या मानाने फारच कमी असते आणि मागे मोठं सरकारी रुग्णालय असतं. जागा थोड्या आहेत, म्हणून सीईटीची तयारी मन लावून करणं हीच खरी बचत ठरते. मुलींसाठी आणखी एक उत्तम वाट आहे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, मुंबईच्या नौदल रुग्णालय अश्विनीत आणि देशातल्या इतर काही लष्करी रुग्णालयांत बी.एस्सी. नर्सिंगचं शिक्षण मिळतं. राहणं-जेवण सरकारी, वर विद्यावेतन, आणि पुढे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून नेमणूक. सेवेचा करार द्यावा लागतो आणि प्रवेशासाठी नीट परीक्षेचे गुण लागतात. अट मान्य असेल तर कर्जाचा प्रश्नच उरत नाही.

तिसरा पर्याय जीएनएमचा. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, बारावीच्या कुठल्याही शाखेला खुला. राज्य शासनाच्या अधिपरिचारिका भरतीला जीएनएम चालतं आणि वेतनश्रेणी तीच असते. तीन वर्षांत कमवायला लागून पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. मात्र फरकही नीट समजून घ्या. एम्सच्या भरतीला बी.एस्सी.च्या उमेदवाराला अनुभवाची अट नाही, जीएनएमला पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पुढे शिकवायचं असेल, एम.एस्सी. करायची असेल, तर पदवी लागतेच. मुलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी आहेत. त्यामुळे मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना हात आणखी आखडता घ्यावा.

कर्जाआधी सवलती संपवा

जे पैसे परत करावे लागत नाहीत ते आधी मिळवायचे, उरलेल्यासाठीच बँकेकडे जायचं. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. संस्था पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. ‘फेऱ्यांची वाट बघू नका, आमच्याकडे थेट या’ असं सांगणाऱ्या दलालाच्या नादी लागून असंख्य घरं हा हक्क घालवतात.

अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. हे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. जातीचं, उत्पन्नाचं, अधिवासाचं प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर निकालाआधीच काढून ठेवा.

खासगी कॉलेजची फी किती असावी हे राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यापेक्षा जास्त मागितली किंवा ‘विकास निधी’च्या नावाने रोख मागितले, तर देऊ नका. देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७पासून कायद्याने बंदी आहे. शिवाय पावतीशिवाय दिलेल्या पैशाला बँक कर्ज देत नाही, तो पैसा मग सावकाराकडून येतो आणि त्याचं व्याज साऱ्या हिशेबावर पाणी फिरवतं.

बँकेत जाताना

चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेमुळे तारण किंवा बाहेरचा जामीनदार न घेता कर्ज मिळू शकतं. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करता येतो. शाखेत कुणी टाळाटाळ केली तर नकार कारणासह लेखी मागा.

कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेची चौकशी अगदी आवर्जून करा. तिच्यात शिक्षणाचा काळ आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. वरच्या उदाहरणात हे १ लाख ४० हजार रुपये आहेत. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असणं इथे कळीचं ठरतं. इतर मागास वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे.

अनुदान मिळणार नसेल, तर शिक्षण सुरू असताना महिन्याचं व्याज तेवढं भरत राहा. एक लाखावर ते महिन्याला आठशे-साडेआठशे रुपये असतं, चौथ्या वर्षी चार लाखांवर तीन हजार तीनशेच्या आसपास. एवढं जमलं तर दहा वर्षांचा हप्ता ७,१०० वरून ५,३०० वर येतो. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात मिळणाऱ्या वजावटीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि वीस हजार पगारावर मुळात करच लागत नाही.

कर्ज एकदम सगळं उचलू नका. दर वर्षी फी भरायची वेळ आली की तेवढीच रक्कम घ्या. मंजूर झालंय म्हणून लॅपटॉप आणि गाडी त्यात बसवू नका.

परदेशाच्या भरवशावर कर्ज नको

जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, आखाती देश इथे भारतीय नर्सना मागणी आहे आणि तिथला पगार मोठा आहे. हे स्वप्न जरूर बघा, पण पदवीचं कर्ज त्या पगारावर मांडू नका. जर्मनीला जायचं तर जर्मन भाषेची बी-१, बी-२ पातळी गाठावी लागते. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा असते. अमेरिकेला एनक्लेक्स लागते. या सगळ्यात पदवीनंतरची एक-दोन वर्षं आणि वेगळे पैसे जातात, आणि तेवढ्यात इथला हप्ता सुरू झालेला असतो. दोन वर्षं चांगल्या रुग्णालयात काम करून, कर्ज अर्धं हलकं करून मग निघणं शहाणपणाचं. परदेशी नोकरी लावून देणारा एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते बघा. कायद्याने त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांत मागणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

कॉलेजच्या कार्यालयात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं त्याच कागदावर उतरवून घ्या.

१. यंदाच्या तुकडीसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? पत्र दाखवाल का?

२. चारही वर्षांची मंजूर फी किती? वसतिगृह, मेस, गणवेश, बस, परीक्षा, नोंदणी यांचा वेगळा खर्च किती?

३. स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं? विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी आणखी कुठे पाठवता?

४. पहिल्या प्रयत्नात चारही वर्षं पार करणारे विद्यार्थी किती? एक वर्ष मागे पडलं तर फी आणि व्याज दोन्ही वाढतात, म्हणून हे विचारायलाच हवं.

५. शिक्षणानंतर तुमच्याच रुग्णालयात काम करण्याचा बाँड आहे का? असेल तर किती वर्षांचा, किती पगारावर, आणि मोडल्यास किती भरायचे?

६. प्रवेश रद्द केला तर मूळ कागदपत्रं आणि फी कधी परत मिळते?

पुढे नोकरीला लागतानाही बाँडची कागदपत्रं वाचल्याशिवाय सही करू नका आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या कपाटात ठेवू नका. चांगली संधी आली तर सोडून जाता यावं, हे कर्ज फेडणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त गरजेचं असतं.

पालकांना एकच विनंती आहे. आपल्या मुलीने किंवा मुलाने रुग्णसेवेची वाट निवडली, तर त्यांना रोखू नका. देशाला नर्सेस हव्यात आणि या कामातून घर उभं राहतं. पण प्रवेशाच्या घाईत आकडा मोठा होऊ देऊ नका. आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. आपल्या भागातल्या नवख्या नर्सचा पगार लिहा, त्याला बारांनी गुणा, आणि त्या आकड्याच्या आत बसणारं कॉलेज शोधा. तो आकडा ओलांडायला लावणाऱ्या कॉलेजला नम्रपणे नकार द्या.